शिधा आणि सांगावा

चैत्र-वैशाखात करमाळ्याकडच्या एखाद्या वस्तीवर रेतन करायला येणाऱ्या माणसाची वही चाळली, की एक शब्द पुन्हापुन्हा भेटतो: ‘उलटली’. गाय माजावर आली, मालकानं फोन केला, नायट्रोजनच्या टाकीतून कांडी निघाली, गाय भरवली आणि एकविसाव्या दिवशी ती पुन्हा हंबरायला लागली. मग दोष कुणाचा यावर गोठ्यात चर्चा. कांडीच खराब होती. माज ओळखायला उशीर झाला. पेंड कमी पडली. जर्सीला आपलं ऊन सोसत नाही. यातलं एखादं कारण खरंही असतं. पण चर्चा करणाऱ्या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत असतं, की बीज काही धरलं नाही.

हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. मध्यम दूध देणाऱ्या निरोगी गाईंचे जे अभ्यास झाले आहेत, त्यांत शंभर रेतनांमागे नव्वदच्या आसपास बीजांडं फळतात असं दिसतं. वासरं मात्र पन्नास-पंचावन्नच जन्मतात. मधली जी गळती आहे, तिचा मोठा वाटा पहिल्या तीन आठवड्यांतच पडतो. म्हणजे बीज धरलं होतं. काही दिवस ते वाढलंही होतं. मग ते गपचूप जिरलं. मालकाला कळलं नाही आणि गाईच्या शरीरालाही कळलं नाही. यातला दुसरा भाग अलंकारिक नाही, तो शब्दशः खरा आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ.

तेव्हा विचारायचा प्रश्न असा, की मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागाएवढा हा गोळा पहिल्या आठवड्यात जगतो कशावर? त्याला वार नाही, नाळ नाही, रक्तपुरवठा नाही. बीजवाहिनीच्या ओलाव्यात तो तरंगत येतो, चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भाशयात उतरतो, सातव्या दिवशी पोकळ चेंडूसारखा ब्लास्टोसिस्ट होतो आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत कवच फोडून बाहेर पडतो. या विषयावर सत्तरएक वर्षांचं संशोधन आहे. ते वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की शास्त्रज्ञ बराच काळ फक्त शिध्याचा हिशेब करत होते आणि सांगावा त्यांच्या नजरेतून सुटत होता. गेल्या दहा वर्षांत जे हाती आलं ते असं, की भ्रूणाच्या दारात या दोन गोष्टी वेगळ्या येतच नाहीत. शिधा हाच पुष्कळदा सांगावा असतो.

हिशेबाची सुरुवात १९५६ साली झाली. वेस्ली व्हिटन या ऑस्ट्रेलियन संशोधकानं उंदराचे आठ पेशींचे भ्रूण क्षार, ग्लुकोज आणि प्रथिन असलेल्या साध्या द्रावात ब्लास्टोसिस्टपर्यंत वाढवून दाखवले. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, अ‍ॅन मॅक्लारेन आणि जॉन बिगर्स यांनी असे बशीत वाढलेले भ्रूण उंदरीच्या गर्भाशयात सोडले आणि जिवंत पिल्लं मिळवली. अडचण एकच होती. आठ पेशींपासून पुढचे भ्रूण या द्रावात वाढत, पण एका पेशीचे वाढत नसत. ग्लुकोज भरपूर असूनही ते उपाशी मरत. बिगर्स, व्हिटिंगहॅम आणि डोनाह्यू यांनी १९६७ मध्ये याचा उलगडा केला: एका पेशीच्या अवस्थेत उंदराच्या भ्रूणाला पायरुवेट लागतं, दोन पेशींना लॅक्टेटही चालतं आणि ग्लुकोजवर निभावणं पुढे जमतं. बीजांडाला बिलगून असलेल्या आईच्या पेशी ग्लुकोज फोडून त्याचं पायरुवेट करतात आणि आत सरकवतात. घास आई चावून देते, म्हणा.

मेंढी आणि गाईच्या भ्रूणांसाठी टर्विट, व्हिटिंगहॅम आणि रोसन यांनी १९७२ मध्ये बीजवाहिनीतल्या द्रवाची नक्कल करणारं मिश्रण तयार केलं आणि हवेतला २१ टक्के ऑक्सिजन न देता ५ टक्क्यांवर भ्रूण ठेवले. आजही गाई-म्हशींच्या भ्रूणांच्या बऱ्याच प्रयोगशाळा त्याच मिश्रणाच्या सुधारित आवृत्त्या वापरतात. पुढचा इतिहास भरभर सांगता येतो. १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून माणसाचं नळीतलं बाळ जन्मलं, पण त्यांच्या वाट्याला अवहेलना आली. १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या कामातून भारतातलं पहिलं रीतसर नोंदलं गेलेलं नळीतलं बाळ आलं. १९९० मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत म्हशीचं पहिलं असं रेडकू जन्मलं. त्याचं नाव ‘प्रथम’. आता शिरूर तालुक्यात वडगाव रासाईला जे. के. ट्रस्टची प्रयोगशाळा देशी गाई-म्हशींचे भ्रूण तयार करते. करमाळ्याहून निघालं तर दुपारच्या आत तिथं पोहोचता येतं.

या यशाच्या वाटेवर एक खडा सतत टोचत होता: ग्लुकोज. पोलानी शेषगिरी, ज्यांनी नंतर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत भ्रूण कवचातून बाहेर कसा पडतो यावर मोठं काम केलं, त्यांनी बॅरी बॅव्हिस्टर यांच्याबरोबर १९८९ मध्ये दाखवलं, की हॅमस्टरच्या आठ पेशींच्या भ्रूणाची वाढ ग्लुकोजनं चक्क थांबते. जे सगळ्या शरीराचं अन्न, ते इथं अपायकारक. ते फक्त इंधन असतं, तर जास्त झालेलं पडून राहिलं असतं. अडवत कशाला असतं?

या प्रश्नाचं सर्वांत देखणं उत्तर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलं. तिथं उत्पल बॅनर्जी यांच्या गटानं २०१७ मध्ये उंदराच्या भ्रूणाकडून पायरुवेट काढून घेतलं. भ्रूण दोन पेशींवर अडकला. इंधनच गेलं म्हणून, असं कुणीही म्हटलं असतं. पण कारण निराळं निघालं. दोन पेशींच्या टप्प्यावर भ्रूणाला आईकडून मिळालेल्या शिदोरीवरचं जगणं सोडून स्वतःची जनुकं चालू करायची असतात. गाईत हीच वेळ आठ ते सोळा पेशींवर येते, माणसात चार ते आठ पेशींवर. नेमक्या या वेळी मायटोकाँड्रियात राहणारी काही एन्झाइमं, जी पायरुवेट पचवण्याच्या साखळीतली आहेत, ती आपलं घर सोडून पेशीच्या केंद्रकात शिरतात. तिथं ती जी रसायनं बनवतात ती डीएनएभोवतीच्या प्रथिनांवर खुणा करायला वापरली जातात आणि त्या खुणांवरून जनुकं उघडतात. चुलीवरची माणसं उठून तलाठ्याच्या दफ्तरात जाऊन बसली, असा हा प्रकार. पायरुवेट नसेल तर ती तिथं पोहोचत नाहीत आणि सातबारावर भ्रूणाचं नाव चढत नाही.

त्याच गटानं २०२० मध्ये ग्लुकोजचाही निकाल लावला. ग्लुकोजशिवाय उंदराचा भ्रूण आठ पेशींच्या घट्ट गोळ्यापर्यंत येतो आणि थांबतो. मात्र त्या ग्लुकोजमधला कार्बन ऊर्जेच्या भट्टीत जवळजवळ जातच नाही. तो दोन आडवाटांनी जातो. एका वाटेवर त्याच्यापासून शर्करेचा एक छोटा तुकडा तयार होतो आणि तो ‘याप’ या प्रथिनावर चिकटतो. दुसऱ्या वाटेवर डीएनए-आरएनएचे घटक बनतात, त्यांच्यामुळे एमटॉर नावाचं नियंत्रक प्रथिन जागं होतं आणि आणखी एक जनुक-चालक प्रथिन तयार होऊ लागतं. ही दोन्ही केंद्रकात भेटली, की बाहेरच्या पेशींना हुकूम मिळतो: तुम्ही वार व्हायचं.

इथं ‘याप’बद्दल थोडं थांबायला हवं. सोळा-बत्तीस पेशींच्या गोळ्यात कुणी वार व्हायचं आणि कुणी वासरू, हे ठरतं कसं? पोलंडमध्ये टारकोव्स्की आणि व्रुब्लेव्स्का यांनी १९६७ मध्ये म्हटलं होतं, की पेशी बाहेर आहे की आत यावर ते ठरतं. जागेचा अर्थ पेशीला कोण सांगतं, हे कळायला चाळीस वर्षं गेली. २००९ मध्ये जपानमध्ये निशिओका, सासाकी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की आतल्या पेशींत, ज्यांना चहूबाजूंनी शेजारी टेकलेले असतात, हिप्पो नावाची निरोपांची साखळी चालू राहते आणि याप केंद्रकाबाहेरच अडवला जातो. बाहेरच्या पेशींची एक बाजू मोकळी असते. तिथं ही साखळी सैल पडते, याप आत शिरतो आणि वारेचं जनुक पेटतं. बॅनर्जींच्या गटानं यात भर घातली ती अशी, की मोकळी बाजू असून भागत नाही, ग्लुकोजही यावं लागतं. जागेचा निरोप आणि शिध्याचा निरोप एकाच दारावर येतात. दोन्ही आले तरच दार उघडतं. मला तरी या सगळ्या क्षेत्रातला हा सर्वांत मोठा निष्कर्ष वाटतो. ‘भ्रूणाला ऊर्जा लागते’ ही जुनी भाषा त्यानं अर्धी मोडीत काढली.

अर्थात उंदरावरचं सगळं गाईला लागू करण्याची घाई नको. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की उंदरात वारेच्या पेशी ज्या वेळी आपला निर्णय पक्का करतात, त्या वेळी गाईच्या पेशी अजून तळ्यात-मळ्यात असतात. आतल्या पेशींमधली पुढची वाटणी, म्हणजे कुणी शरीर व्हायचं आणि कुणी बलकाच्या पिशवीचं अस्तर, उंदरात एफजीएफ या एका निरोपावर जवळजवळ पूर्ण चालते. गाईत तो निरोप अडवला तरी वाटणी काही अंशी होतेच. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात दीपा सुब्रमण्यम यांच्या गटानं भ्रूणीय मूळपेशींवर काम करून एक वेगळीच बाजू पुढे आणली: निरोप घेणारे रिसेप्टर पेशी आत ओढून घेते आणि त्या ओढण्यावरही निरोपांचा तोल अवलंबून असतो. निरोप किती आला, यापेक्षा पेशीनं कान किती वेळ उघडा ठेवला, हे कधी कधी महत्त्वाचं.

आता मरणाकडे. बशीत एकटा ठेवलेला भ्रूण लवकर कोमेजतो, पाच-दहा एकत्र ठेवले तर बरे वाढतात. ही गोष्ट परिया आणि डे यांनी १९९० मध्ये मोजून दाखवली. आणि एकट्या भ्रूणाच्या थेंबात वाढीचा एखादा घटक मिसळला, तर त्याचा एकटेपणा बराच भरून निघतो, हेही. भ्रूण स्वतःच ‘जगायचंय’ असा निरोप बाहेर सोडतो आणि तो स्वतःच ऐकतो. सिडनीच्या क्रिस ओनील यांनी असा एक निरोप मेदाच्या रूपात ओळखला. तो पेशीत एकेटी या जगवणाऱ्या प्रथिनाला चालना देतो आणि पेशीला आत्मनाशाकडे ढकलणाऱ्या पी-५३ ला दाबून धरतो. मोठ्या थेंबात एकटा भ्रूण ठेवला, की त्याचा आवाज पाण्यात विरतो. आईच्या पोटात थेंब नसतो, ओलसर चिकट फट असते. तिथं आवाज विरत नाही. शिवाय गर्भाशयाच्या भिंतीही बोलत असतात. इन्सुलिन, त्याचा भाऊ आयजीएफ-१, जीएम-सीएसएफ अशा त्यांच्या निरोपांमुळे भ्रूणाच्या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात आणि मरण लांबवतात. एकाच निरोपानं भूकही वाढते आणि जीवही तगतो.

करमाळ्याच्या दृष्टीनं सर्वांत कामाचं संशोधन मात्र फ्लोरिडात झालं, कारण तिथंही ऊन आणि संकरित गाई दोन्ही आहेत. पीटर हॅन्सन यांच्या गटानं १९९३ मध्ये गाईंना रेतनानंतर वेगवेगळ्या दिवशी उष्णतेत ठेवलं. पहिल्या दिवशीच्या उष्णतेनं भ्रूणांचं मोठं नुकसान झालं. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या दिवशीच्या उष्णतेनं फारसं नाही. दोन पेशींचा भ्रूण स्वतःची जनुकं चालू करायच्या आधीच्या अवस्थेत असतो. उष्णतेशी झुंजणारी प्रथिनं पुरेशी बनवायला त्याच्याकडे सामान नसतं. पुढे याच गटाला आढळलं, की पेशींना नियोजित आत्मनाश करण्याची क्षमताही गाईच्या भ्रूणात आठ ते सोळा पेशींच्या सुमाराला येते. त्याआधी मार बसला तर खराब पेशी काढून टाकण्याची सोय नसते, अख्खा भ्रूण थांबतो. आपल्याकडे पारा चाळीसच्या वर गेल्यावर भर दुपारी भरवलेल्या गाईच्या पोटात जे घडतं, ते साधारण हे.

पुढचा भाग जास्त रंजक आहे. भ्रूणांच्या द्रावात आयजीएफ-१ घातलं, की ते उष्णता जास्त सोसतात. सरळ स्पष्टीकरण असं, की आयजीएफ-१ पीआय-थ्री-के या साखळीतून आत्मनाश थांबवतं म्हणून भ्रूण वाचतो. हॅन्सन यांचे सहकारी जूसां यांनी ती साखळी औषधानं तोडून पाहिली. पेशींचा आत्मनाश खरोखर पुन्हा सुरू झाला, पण आयजीएफ-१ मिळालेले भ्रूण तरीही ब्लास्टोसिस्टपर्यंत पोहोचले. म्हणजे पेशी वाचवणं आणि भ्रूण वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. २००७ च्या त्या निबंधानं मला या सगळ्या वाचनात सर्वांत जास्त विचारात पाडलं. मरण मोजणं सोपं म्हणून आपण मरण मोजत बसतो. त्याच काळात ब्लॉक आणि हॅन्सन यांनी असे आयजीएफ-१ दिलेले भ्रूण दुभत्या गाईंत सोडले: उन्हाळ्याच्या महिन्यांत गाभण राहण्याचं प्रमाण सुधारलं, थंडीत काही फरक पडला नाही. आणि सात दिवसांचा भ्रूण थेट गर्भाशयात सोडला, की तो नाजूक पहिला-दुसरा दिवस गाईच्या तापलेल्या पोटात काढावाच लागत नाही. उन्हाळ्यात भ्रूण-प्रत्यारोपण रेतनापेक्षा सरस ठरण्यामागे हे कारण आहे. ब्राह्मण जातीच्या गाईंचे भ्रूण होल्स्टीनपेक्षा उष्णता जास्त सोसतात, हेही याच गटानं दाखवलं. आणि ब्राह्मण म्हणजे अमेरिकेत गेलेलं आपलंच गीर-काँकरेज-ओंगोल रक्त. खिलार सोडून काळी-पांढरी होल्स्टीन दावणीला बांधली, तेव्हा दुधाचा हिशेब मांडला होता. दुसऱ्या दिवशीच्या भ्रूणाचा नव्हता.

दुधाचं निघालं म्हणून. वेतानंतर भरपूर दूध देणारी गाय खाते त्याहून जास्त देते. अंगावरची चरबी वितळते, रक्तात मेदाम्लं वाढतात, इन्सुलिन आणि आयजीएफ-१ उतरतात. ‘दूध चांगलं आहे पण सारखी उलटते’ ही तक्रार त्यातूनच येते. भ्रूणापर्यंत शिधाही कमी आणि सांगावाही कमी.

ही कमतरता नुसती जगण्या-मरण्यावर थांबत नाही. साउदम्प्टनमध्ये टॉम फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये उंदरीला (मोठ्या, पांढऱ्या जातीच्या) फक्त पहिले सव्वाचार दिवस कमी प्रथिनांचं खाणं दिलं, नंतर नेहमीचं. भ्रूणात पेशी कमी भरल्या आणि वाढलेल्या पिल्लांचा रक्तदाब चढा राहिला. २०१२ मध्ये त्यांच्याच गटानं लहान उंदरात पाहिलं, की अशा वेळी गर्भाशयातल्या द्रवात ल्युसीनसारखी काही अमिनो आम्लं घटतात, आईचं इन्सुलिन उतरतं आणि भ्रूणातला एमटॉर मंदावतो. मग भ्रूणाच्या बाहेरच्या पेशी आसपासचा द्रव जास्त गिळायला लागतात. दुष्काळाचा सांगावा मिळालेला भ्रूण हावरा होतो. पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा १९९३ पासूनचा ग्रामीण मातांचा अभ्यास या संदर्भात आठवतो. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, साउदम्प्टनची ३.५ किलोंची, पण आपली बाळं वजनाला कमी असूनही चरबी त्या मानानं राखून असलेली, याज्ञिकांच्या शब्दांत ‘कृश-स्थूल’. तो अभ्यास पूर्ण गर्भारपणाचा आहे, पहिल्या आठवड्याचा नाही; तो तसा वाचू नये. पण त्यांनी पुढे त्याच गावांतल्या किशोरवयीनांना गर्भधारणेच्या पुष्कळ आधीपासून बी-१२ द्यायचं ठरवलं, ते याच कारणानं: दिवस गेल्याचं कळेपर्यंत भ्रूणाचे पहिले हिशेब होऊन गेलेले असतात.

शिधा फारच कमी पडला तर भ्रूण आणखी एक गोष्ट करतो. थांबतो. पिल्लांना पाजणाऱ्या उंदरीच्या पोटातले ब्लास्टोसिस्ट रुजत नाहीत, दिवसेंदिवस तसेच तरंगतात. युरोपातल्या रो हरणाचा भ्रूण उन्हाळ्यात फळतो आणि हिवाळ्यापर्यंत वाट पाहतो. बिशॉफनं हे १८५४ मध्येच लिहून ठेवलं. वटवाघळांत तर वाट पाहण्याचे नाना प्रकार आहेत आणि त्या प्राण्यांच्या भ्रूणविज्ञानावर नागपूरच्या विज्ञान संस्थेत प्रा. ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कित्येक दशकं काम केलं. जगभर उद्धृत होणारं हे मराठी मुलखातलं संशोधन मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, याची खंत वाटते. थांबण्याचं बटण कुठलं, हे २०१६ मध्ये कळलं. सॅन फ्रान्सिस्कोत बुलुत-कार्सलिओग्लू आणि सहकाऱ्यांनी एमटॉर औषधानं अंशतः दाबला आणि उंदराचे ब्लास्टोसिस्ट बशीत तीस दिवसांपर्यंत थांबले. औषध काढल्यावर त्यांपासून धडधाकट पिल्लं झाली. ऊर्जा घटल्याची वर्दी एएमपीके हे प्रथिन देतं आणि ते एमटॉरला खाली ओढतं, हे पुढच्या कामात दिसलं. २०२४ मध्ये मानवी मूळपेशींपासून केलेल्या भ्रूणसदृश गोळ्यांतही असाच विराम आणता आला. हेन्री लीझ यांनी २००२ मध्ये मांडलं होतं, की जो भ्रूण कमी खातो, कमी खळबळ करतो, तोच टिकतो. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती. आज ते म्हणणं पूर्ण नाही, पण बरंच पटतं.

गाईचा भ्रूण मात्र थांबू शकत नाही. त्याला मुदत असते. कवचातून बाहेर पडल्यावर तो तेराव्या दिवसापासून लांबायला लागतो आणि सोळाव्या-सतराव्या दिवशी वीतभर धागा होतो. एवढं लांबायचं कारण गर्भाशयाच्या जास्तीत जास्त भिंतीपर्यंत एकच निरोप पोहोचवायचा असतो: इंटरफेरॉन-टाऊ. विषाणूंशी लढणाऱ्या प्रथिनांच्या कुळातला हा निरोप आहे, हे १९८७ मध्ये मेंढीच्या भ्रूणावरून रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी ओळखलं. गाय गाभण आहे, हे गाईला प्रथम याच निरोपानं कळतं. तो पुरेसा पोहोचला, तर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडत नाही आणि अंडाशयावरचा पीतपिंड टिकतो.

पहिल्या दिवशीचं ऊन, चौथ्या दिवशी न उघडलेली जनुकं, सातव्या दिवशी कमी भरलेल्या वारेच्या पेशी, यांतलं काहीही असो, भ्रूण आखूड राहिला की निरोप क्षीण होतो. सतराव्या दिवशी प्रोस्टाग्लँडिन सुटतं. पीतपिंड वितळतो. एकविसाव्या दिवशी गाय हंबरते आणि वहीत शेवटच्या रकान्यात एक शब्द भरला जातो.